रान रिकामं नव्हतं

रियाध, १४ सप्टेंबर २०२५

प्रिय सुनेत्रामामी,

नमस्कार. फोनवर तुला माझं अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तू भलतंच ऐकतेस. गेल्या खेपेला मी ‘निमिषला बढती मिळाली’ म्हटलं तर तू ‘अगं, कुठे पडला?’ म्हणून रडवेली झालीस. म्हणून हातानं लिहिते आणि फोटो काढून पाठवते. टॅबवर हवं तेवढं मोठं करून वाच. उत्तरही असंच पाठव.

काम आहे, म्हणून लिहितेय. निमिषच्या इथल्या ओलाया भागातल्या ऑफिसात यासीन म्हणून एक सौदी मुलगा आहे. या माझ्या नवऱ्याने जेवणाच्या सुट्टीत त्याला माझ्या कोथिंबीरवड्या खिलवल्या आणि त्याबरोबर माझं एम.ए.ही वाढलं. यासीनची धाकटी बहीण मुनीरा इथे विद्यापीठात इंग्रजी साहित्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ‘वहिनी तिला थोडं शिकवतील का?’ झालं! दर मंगळवारी संध्याकाळी मुनीरा आमच्याकडे येते. स्वतः गाडी चालवत येते, काळा अबाया, पायात पांढरे बूट, हातात खजुराचा डबा. सहा वर्षं इथे राहून मी साधं दूध आणायला निमिषची नाहीतर टॅक्सीची वाट बघते, आणि ही बावीस वर्षांची मुलगी भर गर्दीतून गाणं ऐकत येते.

पहिल्याच दिवशी ती म्हणाली, “मला हे सोडून अकाउंटिंगला जायचंय.” कारण विचारलं तर खजुराचा डबा पुढे केला. दुसऱ्या खेपेला हळूहळू कळलं. मागच्या सत्रात तिला वर्गापुढे उभं राहून बोलायचं होतं. दोन वाक्यं बोलली, पुढचं सगळं पुसलं गेलं, आणि ती दार उघडून थेट पार्किंगमध्ये जाऊन बसली. या सत्रात पुन्हा बोलायचंय, नोव्हेंबरच्या शेवटी. याही वेळी तसंच झालं तर ती विषय बदलणार. मामी, पुस्तकं वाचताना तिचा चेहरा मी पाहिलाय. ही मुलगी आकडेमोडीत रमणारी नाही.

तिचा विषय आहे अमेरिकन साहित्यातली रोमँटिक चळवळ आणि तिची ऐतिहासिक पार्श्वभूमी. (निमिष म्हणतो, “प्रेमप्रकरणं ना? मग सोपंय.”) मी हे तुझ्याच वर्गात शिकले, पहिल्या बाकावर बसून. पण आता आठवतात नुसते मथळे. निसर्ग, व्यक्ती, कल्पनाशक्ती, अंतःप्रेरणा. मुनीराने चारही शब्द लिहून घेतले आणि मान वर करून विचारलं, “पण का? एका देशातल्या लोकांना अचानक रानाचं एवढं वेड का लागलं?”

तू सांग.

तुझी,
आसावरी

*

नाशिक, २१ सप्टेंबर

चि. आसावरीस,

पोरी, अनेक आशीर्वाद. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, इतक्या दिवसांत मला कुणी ‘का’ विचारलं नव्हतं. शर्विल विचारतो तो फक्त ‘आई, चष्मा कुठे ठेवलास’ एवढंच. त्या मुलीला माझ्यातर्फे एक लाडू दे.

आता ऐक. मथळे बाजूला ठेव. त्या मुलीला एक घर डोळ्यांपुढे आणायला सांग. घरातला धाकटा मुलगा वडिलांशी भांडून वेगळा झालाय. स्वतःचं अंगण आहे, स्वतःची चूल आहे, पण बोलतो मात्र वडिलांच्याच भाषेत, आणि गोष्टी सांगतो त्याही वडिलांच्याच. इंग्लंडपासून सुटलेली अमेरिका पहिली पन्नास वर्षं अशी होती. राज्य आपलं, पुस्तकं मात्र बोटीने येणार. तिकडचे टीकाकार हसायचे, यांच्याकडे साहित्य ते काय! युरोपातल्या कवींकडे पडके किल्ले होते, जुने मठ होते, राजेराण्या होत्या. यांच्याकडे काय? जंगल, नद्या, धबधबे, आणि पश्चिमेला न संपणारी जमीन. मग त्यांनी ठरवलं, आमचा जुना किल्ला म्हणजे हे रान. देव भेटायचा तर इथे भेटेल, त्याला मधला माणूस नको. राजा नाही ना? मग प्रत्येकाच्या आत जो आवाज आहे तोच मोठा. एकोणिसाव्या शतकाच्या विशीपासून साठीपर्यंत, त्यांचं आपसांतलं युद्ध पेटेपर्यंत, हे वारं वाहिलं.

आणखी एक. ज्या वर्षांत ते रानाची गाणी गात होते, त्याच वर्षांत त्यांच्या नद्यांवर कापडगिरण्या बसत होत्या, रूळ टाकले जात होते, खेड्यातल्या पोरी गिरणीच्या भोंग्यावर उठू लागल्या होत्या. एखादी गोष्ट हातातून जायला लागली की माणूस तिच्याबद्दल फार सुंदर बोलायला लागतो. हे मी वर्गात दरवर्षी सांगायचे. तू तेव्हा खिडकीबाहेर बघत असणार.

आणि तिला हे नक्की सांग, मजा वाटेल. त्याच काळात बोस्टनजवळच्या तळ्यांमधला बर्फ कापून, लाकडाच्या भुशात गुंडाळून, जहाजाने थेट कलकत्त्याला आणि आपल्या मुंबईला यायचा. साहेबांच्या सरबतात पडायचा. आणि उलट दिशेने आपल्या संस्कृत ग्रंथांची इंग्रजी भाषांतरं त्यांच्या टेबलांवर पोचत होती. बर्फ आपल्याकडे वितळला. पुस्तकं तिकडे टिकली.

बोलायला भीती वाटते म्हणतेस. पाठ करू देऊ नकोस. गोष्ट सांगायला सांग.

आशीर्वाद,
सुनेत्रामामी

*

रियाध, ८ ऑक्टोबर

प्रिय मामी,

तुझं पत्र मी वाचत गेले आणि जमेल तसं इंग्रजीत सांगत गेले. बर्फाचं ऐकून मुनीरा इतकी हसली की तिच्या कपातला गहवा सतरंजीवर सांडला. गहवा म्हणजे इथली फिकी पिवळी वेलदोड्याची कॉफी. ती थर्मासमधून घेऊन येते, माझा चहा तिला औषधासारखा लागतो. धाकट्या मुलाची गोष्ट तिला फार आवडली. म्हणाली, “आमच्या घरीपण असा एक काका आहे.”

मग तिने दोन प्रश्न विचारले. तुला लिहू की नको असं चार दिवस करत होते. पण तू मला ओळखतेस, माझ्या पोटात काही राहत नाही.

पहिला प्रश्न: “तुमच्या मामींनी इतकी वर्षं रानाबद्दल शिकवलं. त्या कधी रानात झोपल्यात का? उघड्यावर?” अगदी साधेपणाने विचारलं गं, डोळे मोठे करून. तिचं आजोळ हाइलला आहे, इथून उत्तरेला. तिची आजी लहानपणी तंबूतून वाढलेली. तिच्या घरी उघड्यावर झोपणं म्हणजे आपल्याकडे गच्चीवर पापड वाळत घालण्याइतकं रोजचं. मी म्हटलं, “विचारून सांगते.” आणि माझ्या मनात आलं, मीही नाही झोपले कधी.

दुसरा प्रश्न विचारताना मात्र ती थांबत थांबत बोलली. “मॅडम, ते लेखक म्हणाले रान रिकामं होतं. खरंच होतं का? आमच्या वाळवंटालाही बाहेरचे लोक रिकामं म्हणतात.”

पाठ्यक्रमाच्या नोट्समध्ये एक ओळ आहे, ‘अस्पर्श भूमी’. तिने त्या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारून ठेवलीय.

बाकी ठीक. मंगळवारची मी आता वाट बघते. निमिष म्हणतो, सोमवारपासूनच घरात झाडलोट सुरू होते.

आसावरी

*

नाशिक, १५ ऑक्टोबर

चि. आसावरीस,

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते मोठं आहे.

नव्हतं. रान रिकामं नव्हतं. तिथे शेकडो जमाती होत्या, त्यांची गावं होती, मक्याची शेतं होती, पुरलेले पूर्वज होते. १८३० साली तिथल्या सरकारने कायदा केला आणि दक्षिणेकडच्या जमातींना त्यांच्या जमिनीवरून उठवून पश्चिमेला धाडलं. पुढच्या काही वर्षांत हजारो माणसं, म्हातारी, पोरंबाळं, थंडीत चालत गेली. कितीतरी वाटेतच संपली. कविता, कादंबऱ्या बहरत होत्या त्या याच काळात. काही लेखकांनी निषेध केला, पत्रं लिहिली. पण बऱ्याच जणांनी त्या माणसांबद्दल असं लिहिलं, जणू ती संध्याकाळच्या उन्हासारखी आपोआप मावळली. कुणी ढकललं नाही, नुसती मावळली. सुंदर वाक्यं आहेत ती. गुलामगिरीबद्दलही तसंच. त्यातले कित्येक उघडपणे तिच्याविरुद्ध उभे राहिले, सभा घेतल्या, पळून आलेल्यांना घरात लपवलं. आणि कित्येक जण फुलांबद्दल लिहीत राहिले.

मी हे वर्गात शेवटच्या तासाला, घाईत सांगायचे, परीक्षेला येत नाही म्हणून. मुनीराला म्हणावं, तिने इथूनच सुरुवात करावी.

आता पहिला प्रश्न. तिला सांग, नाही. झोपले नाही.

यापुढे काही दिवस मी सकाळी फोनवर नसेन. कामं आहेत.

सुनेत्रामामी

*

रियाध, ५ नोव्हेंबर

प्रिय मामी,

तुझं ते पत्र आल्यापासून मी तुला दोनदा लिहिलं, तीनदा निरोप पाठवले. तू फक्त अंगठा पाठवतेस. अंगठा कसला पाठवतेस? तू त्या चित्राला नेहमी ‘अडाण्याची सही’ म्हणायचीस.

शेवटी शर्विलला फोन केला. तो म्हणाला, “आई पहाटेच घराबाहेर पडते, कुठे जाते सांगत नाही, आणि लंगडत परत येते.” तुझ्या उशाशी त्याला दुखण्यावरचं मलम सापडलं आणि गुडघ्याला बांधायची पट्टी. तू वजन उतरवलंयस म्हणे. संध्याकाळी आठलाच झोपतेस. त्याने विचारलं तर म्हणालीस, “तुझं तू बघ.” मामी, तो घाबरलाय. त्याला वाटतं तू कुठल्यातरी दवाखान्यात उपचार घेतेस आणि आम्हाला कळू देत नाहीस. मामाच्या आजारपणातही तू असंच केलं होतंस, सगळं एकटीने. मला खरं सांग. मी विमानात बसून येईन. यात मस्करी नाही.

की मुनीराचा प्रश्न लागला तुला? मी तो पाठवायलाच नको होता. ती पोर तर रोज निरोप पाठवून विचारते, “मामींचं पत्र आलं का?”

इथलंही फार बरं नाही. मुनीराने लिहिलंय छान, पण उभी राहिली की तेच. निमिषला सोफ्यावर बसवून तिने सराव केला. तिसऱ्या वाक्याला ती थांबली, आणि पाचव्या मिनिटाला निमिष घोरायला लागला. तिला त्याच्या घोरण्याने हसू आलं, तेवढंच. ती म्हणते, सुट्टीत हाइलला चला, आजीपुढे मी बोलून बघते. आजीला इंग्रजीचं अक्षर येत नाही. मी ‘बघू’ म्हटलंय. निमिषला रजा नाही, म्हणजे आम्ही दोघीच, तीही सहा-सात तासांची वाट, मुनीराच्या गाडीतून. मला रियाधबाहेर निमिषशिवाय पाऊल टाकायची सवय नाही. तू बरी असतीस तर तुलाच विचारलं असतं.

लवकर लिही. खरं लिही.

आसावरी

*

नाशिक, ९ नोव्हेंबर

माझ्या लाडके,

अगं वेडे! मला काहीही झालेलं नाही. माझा गुडघा सोडला तर मी ठणठणीत आहे, आणि गुडघाही आता माझ्या ताब्यात यायला लागलाय.

ऐक, आणि हे शर्विलला कळवायचं नाही, शपथ आहे. तुझ्या मुनीराचा प्रश्न मला लागला. खोटं कशाला बोलू? पहिले दोन दिवस राग आला. बावीस वर्षांची पोर मला विचारते! तिसऱ्या दिवशी पहाटे जाग आली, आणि मनात म्हटलं, सुनेत्रा, तू एकोणतीस वर्षं फळ्यावर ‘अरण्य’ लिहिलंस आणि कॉलेजच्या सहलीतही बसमधून उतरली नाहीस, चप्पल खराब होईल म्हणून.

तशीच उठले, रिक्षा केली आणि पांडवलेण्याच्या पायथ्याशी उतरले. पहिल्या दिवशी अर्ध्यावर बसले. छाती भात्यासारखी चालत होती. तिथे रोज येणारा म्हाताऱ्यांचा एक घोळका आहे. त्यांचा म्होरक्या कमलाकर म्हणून एक निवृत्त टपाल अधिकारी. तो माझ्यापाशी थांबला आणि म्हणाला, “बाई, वर बघू नका. पुढची पायरी बघा.” दुसऱ्या दिवशी थोडी वर गेले. तिसऱ्या दिवशी आणखी. आता रोज वरपर्यंत जाते, लेण्यांपाशी बसून पाणी पिते आणि उतरते. उतरतानाच दुखतं, चढताना नाही. हे मला पासष्टाव्या वर्षी कळलं. चालायचे बूट घेतलेत, भडक केशरी. ते शेजारच्या शर्मिलाकडे ठेवते आणि तिथेच बदलते. शर्विलला दाखवले तर तो मला सरळ डॉक्टरकडे नेईल.

तर येत्या शनिवारी आमचा घोळका साल्हेरला जातोय. महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला गं! वर गुहा आहेत, रात्री तिथेच मुक्काम. शर्विलला सांगितलंय, मैत्रिणीकडे सटाण्याला जाते. अगदीच खोटं नाही, सटाण्यावरूनच जायचं आहे.

मला भीती वाटते का? वाटते. पण कालपासून मी स्वयंपाकघरात उगाचच गाणं म्हणतेय.

आणि तू हाइलला जा. मला विचारलं असतंस म्हणतेस ना? मग हे माझं उत्तर. जा.

सुनेत्रामामी

*

हाइल, १६ नोव्हेंबर

मामी,

मामी! तुझं पत्र वाचून आधी मी रडले, मग इतकी हसले की निमिषने टीव्ही बंद केला. त्यालाही सांगितलेलं नाही. फक्त म्हटलं, “मी हाइलला चाललेय.” तो म्हणाला, “दोघीच?” मी म्हटलं, “दोघीच.” त्याने आत जाऊन माझी शाल काढून आणली, तिकडे गारठा असतो म्हणून.

तर मी इथे आहे. शेताच्या ओसरीवर बसून लिहितेय. समोर गोलच्या गोल शेतं, मधोमध पाण्याचा लांबलचक दांडा हळूहळू फिरतो, आणि त्याच्या पलीकडे तांबडे डोंगर. गव्हाची पेरणी चाललीय. आल्या आल्या मुनीराच्या आजीने मला जवळ ओढून दोन्ही गालांचे मुके घेतले आणि ताटली पुढे केली, “क्लेजा, क्लेजा!” मी जागीच थिजले. कलेजा! मी शाकाहारी आहे हे कसं सांगावं? मुनीरा पोट धरून हसायला लागली. क्लेजा म्हणजे इथली बिस्किटं गं, आत खजूर आणि वेलदोडा. मी सात खाल्ली.

काल दुपारी जेवणं झाल्यावर मुनीरा आजीपुढे उभी राहिली. इंग्रजीत सुरू केलं. तिसऱ्या वाक्यापाशी थांबली, नेहमीसारखी. आजी शांतपणे गहवा पीत होती. तिने अरबीत विचारलं, “थांबलीस का? कुणाची भीती वाटते, माझी?” मुनीरा म्हणाली, “शब्द जातात.” आजी म्हणाली, “मग शब्द राहू दे. काय झालं ते मला सांग. कोण लोक होते ते? कुठे गेले?”

आणि मुनीरा खाली बसली, आजीच्या गुडघ्यापाशी, आणि अरबीत सांगत सुटली. रानावर गाणी करणारे लोक, आणि त्या रानातून उठवलेले लोक. मला शब्द कळत नव्हते, पण कुठे काय चाललंय ते सगळं कळत होतं. आजीने मध्येच कप खाली ठेवला. मग ती बोलली, आणि मुनीराने ते मला इंग्रजीत सांगितलं. आजीच्या लहानपणी तंबू हलले की मागे चुलीचे तीन दगड तसेच राहायचे. कितीही वर्षांनी कुणी तिथून गेलं तरी दगड बघून सांगायचं, ही अमक्यांची जागा. आजी म्हणाली, “ज्यांना ते दगड वाचता येत नाहीत, ते म्हणतात इथे कुणी नव्हतं.”

त्यानंतर मुनीराने सगळं पुन्हा सांगितलं, इंग्रजीत, कागद न घेता. एकदाही थांबली नाही. शेवटी आजीने टाळ्या वाजवल्या, एकही शब्द कळला नसताना.

आणि मामी, आज सकाळी मी गाडी चालवली! शेतातला जुना पिकअप. मुनीरा शेजारी बसून “यल्ला, यल्ला”, म्हणजे चल, चल, ओरडत होती. मी आधी एका खड्ड्यात घातली, मग बाहेर काढली. बांधापर्यंत जाऊन परत आले. आजी ओसरीवर उभी राहून हात हलवत होती, जणू मी हज करून आले.

तू काल साल्हेरवर होतीस ना? आम्ही तिघींनी संध्याकाळी पूर्वेकडे तोंड करून तुला हात केला. लवकर लिही, नाहीतर मी शर्विलला सांगून टाकेन.

आसावरी

*

नाशिक, १९ नोव्हेंबर

चि. आसावरीस,

सांगायची गरज उरली नाही. शर्विलला कळलं. कमलाकरने किल्ल्यावरून सगळ्यांचा फोटो टाकला, केशरी बुटांसकट. घरी परतले तेव्हा शर्विल दारात उभा. काय काय बोलला! “आई, तुझं वय काय, तुझा गुडघा काय!” मी बुटांचे बंद सोडत बसले. बोलून बोलून थकला, स्वतःच चहा केला, माझ्यापुढे ठेवला, आणि खाली बघत विचारलं, “अवघड आहे का गं चढायला?” मी म्हटलं, “शेवटचा टप्पा आहे.” म्हणाला, “पुढच्या वेळी मला नेशील?”

आता किल्ल्याचं. मुनीराला मी सगळं खरं सांगणार आहे, तिने खरं विचारलं होतं.

चढताना मी तीनदा म्हटलं की मला इथेच सोडून पुढे जा. कुणी सोडलं नाही. कातळातल्या पायऱ्यांवर एकजण पुढून हात द्यायचा, एक मागून. वर पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं आणि डोंगरांच्या ओळींमागे ओळी निळ्या होत गेल्या होत्या. मी तिथे उभी राहून जे म्हणायला हवं ते मनात शोधत होते, एकोणतीस वर्षं शिकवलेलं सगळं. आणि तोंडून निघालं काय? “अगं बाई!” एवढंच. दोनदा.

गुहेत झोप कुठली? जमीन टणक, वारा बोचरा, आमच्यातले तिघे घोरणारे, आणि एका उंदराने माझी उरलेली भाकरी पळवली. पिठलं मात्र असं झालं होतं की मी दोनदा मागून घेतलं. दिवस उजाडायच्या आधी मी बाहेर येऊन दगडावर बसले. चांगलं फटफटेपर्यंत तिथेच होते. काय वाटलं ते मला नीट लिहिता येत नाही. फार आनंद झाला, एवढं लिहिते. तुझ्या मामाची आठवण आली आणि रडू आलं नाही, हसू आलं. तो म्हणाला असता, ‘बाईसाहेब, चप्पल?’

वर्गात मी नेहमी सांगत आले की या लेखकांना एकांत हवा होता. खरंय, ते तसं लिहितात. पण मी वर गेले ती अकरा जणांच्या हातांनी. एकांत मिळाला तो पहाटे घटकाभर, आणि तोही गोड लागला, कारण मागे गुहेत माझी माणसं घोरत होती. आज पुन्हा शिकवायला उभी राहिले तर हे सांगेन.

हाइलच्या आजीबाईंचे तीन दगड वाचून मी टॅब खाली ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. मुनीराने ते वर्गात सांगायलाच हवं. आणि तू गाडी चालवलीस, हे शर्विलला वाचून दाखवलं. तो म्हणाला, “या घरातल्या बायकांना झालंय काय?”

तिचं भाषण कधी? लगेच कळव.

सुनेत्रामामी

*

रियाध, २७ नोव्हेंबर

प्रिय मामी,

झालं! आज झालं. मी विद्यापीठाच्या बाहेर गाडीत बसले होते, यासीनच्या शेजारी. तो सारखा घड्याळ बघत होता आणि बडबडत होता, “खलास, ती पळून येणार.” ती बाहेर आली ती पळतच, पण हसत. अबाया वाऱ्यावर, हातात एक बूट. त्याचा बंद तुटला होता आणि तिला थांबायला वेळ नव्हता.

सगळं तिच्याकडून ऐकलं ते सांगते. ती उभी राहिली आणि शब्द गेले. पुन्हा गेले! प्राध्यापिका बाई चष्म्यातून बघतायत, मुली बघतायत. तिने दाराकडे पाहिलं. मग कागद टेबलावर पालथा ठेवला आणि अरबीत वर्गाला विचारलं, “तुमच्यापैकी किती जणींच्या आज्या तंबूत वाढल्या?” मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. मग एक हात वर आला. मग आणखी. शेवटी निम्मा वर्ग. मुनीरा म्हणाली, “मग तुम्हाला कळेल,” आणि तिथून इंग्रजीत सुरू झाली. वडिलांशी भांडलेला मुलगा, बर्फाची जहाजं, गिरण्यांचे भोंगे, रानाची गाणी. आणि मग चालत गेलेली माणसं, आणि चुलीचे तीन दगड.

बाईंनी शेवटी विचारलं, “म्हणजे या लेखकांना वाचूच नये, असं म्हणायचंय का?” मुनीरा म्हणाली, “नाही, मला ते फार आवडतात. म्हणून तर राग येतो. त्यांना वाचायचं, आणि त्याच वर्षांत शेजारी काय चाललं होतं तेही वाचायचं.” बाईंनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाल्या, “पुढच्या वर्षीच्या प्रबंधाला हाच विषय घे.”

पुढचं वर्ष! मामी, ती अकाउंटिंगला जात नाही. यासीनने गाडीतच सगळ्या नातेवाइकांना फोन लावले. आजी फोनवर काहीतरी मोठ्याने गात होती.

आता माझ्या बातम्या. येत्या मंगळवारपासून मुनीराबरोबर तिच्या वर्गातल्या आणखी चौघी येणार आहेत. निमिषने माझ्यासाठी फळा आणलाय आणि भिंतीवर वाकडा ठोकलाय. आणि बायकांच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मी नाव घातलंय.

खाली मुनीराने तुझ्यासाठी चार ओळी लिहिल्यात. तिच्या इंग्रजीचं मराठी मी केलंय:

‘प्रिय मामी, तुम्ही “नाही, झोपले नाही” म्हणालात तेव्हा मला वाटलं मी तुम्हाला दुखवलं. आता आजी म्हणते, एवढ्या लांब प्रश्न पाठवला तर माणसालाही बोलवायला हवं. एप्रिलमध्ये ताइफला गुलाब फुलतात, डोंगरावर. पहाटे तोडणी असते. आजी येणार आहे. तुम्ही या. आजीने सांगितलंय, नाही ऐकणार नाही.’

मीही नाही ऐकणार नाही.

आसावरी

*

नाशिक, ४ डिसेंबर

चि. आसावरीस आणि चि. मुनीराला,

दोघींना पोटभर आशीर्वाद. पत्र आलं तेव्हा मी पांडवलेण्यावर होते, शर्विलबरोबर. तो अर्ध्यावर बसला होता. मी त्याच्याशेजारी बसून तुझं पत्र मोठ्याने वाचलं, आजूबाजूचे चढणारेही थांबून ऐकत होते. तंबूतल्या आज्यांसाठी हात वर आले तिथे कमलाकरने टोपी काढली. मग सगळ्यांनी मला विचारलं, “बाई, जाणार ना?”

मुनीरा, तू मला दुखवलं नाहीस. आजीबाईंना माझा नमस्कार सांग. त्यांची भाषा मला येत नाही, माझी त्यांना येत नाही, तेव्हा आम्ही दोघी मिळून गुलाब तोडू आणि तू मध्ये बसून दमशील. प्रबंधाला लागणारी पुस्तकं मी कपाटातून काढून ठेवलीत. धूळ झटकताना शिंकून शिंकून जीव गेला. त्यांतल्या माझ्या जुन्या टिपा वाचू नकोस, बऱ्याच ठिकाणी मी चुकलेय असं आता वाटतं. तुझ्या टिपा शेजारी लिही.

आसावरी, पासपोर्ट नव्याने काढायला टाकलाय. व्हिसाचं काय करायचं ते निमिषला विचारून कळव. फळा सरळ ठोकून घे. चौघींना एकदम खूप सांगू नकोस, त्यांना विचारू दे. शर्विल म्हणतो, एप्रिलची रजा त्यानेही टाकलीय. म्हणजे दोघं येतोय.

आणखी लिहिणार होते, पण खाली रिक्षा थांबलीय, पासपोर्टच्या फोटोला जायचंय. शर्मिलाने आपली जांभळी पैठणी नेसायला दिलीय. म्हणते, फोटोत खांद्यांपर्यंतच दिसतं, तरी पूर्ण नेस.

नेसलेय. निघते.

सुनेत्रामामी